होडीवर कायमचं राहायचं ठरलंय, कॉम्प्युटरचं काय करावं?

कालवाकाठी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही नवरा-बायको इंग्लंडमध्ये असतो. लंडनचं घरभाडं ऐकून कान किटले, शेवटी नॅरोबोट घेतली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, इथल्या कालव्यांतून चालणारी लांबुळकी पोलादी होडी. आमची ५७ फूट लांब आणि ६ फूट १० इंच रुंद. बांधून ठेवायला कायमची जागा घेतलेली नाही. अशा होड्यांना एका ठिकाणी १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही, पुढे सरकत राहावं लागतं. म्हणजे किनाऱ्यावरून वीज घ्यायचीही सोय नाही.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, पूर्णवेळ घरून. आठ तास काम, त्यात दोन-तीन तास व्हिडिओ कॉल. नवरा व्हिडिओ एडिटिंग करतो आणि रात्री गेम खेळतो. त्याचा एक भलामोठा डेस्कटॉप आहे, त्यात त्याचा जीव अडकलाय.

होडीवर आधीच्या मालकाने बसवलेल्या चार लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या आहेत (प्रत्येकी ११० अँपिअर-अवर), छपरावर ४०० वॉटचं सोलर आणि २००० वॉटचा इन्व्हर्टर. डेस्कटॉप न्यावा का? की दोन लॅपटॉप? मिनी पीसीबद्दल पण ऐकलंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा. (सोलरवर चालणारा. 😀)

खवट_पुणेरी

होडीत जाऊनही व्हिडिओ कॉलच करायचे तर मग कोथरूड काय वाईट होतं? ह. घ्या. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

सर्किट_सोलापूरकर

ताई, कॉम्प्युटर कुठला हा शेवटचा प्रश्न. आधी दिवसाला किती वॉट-अवर लागतात ते कागदावर मांडा.

तुमच्याकडे ४४० अँपिअर-अवर, गुणिले १२ व्होल्ट, म्हणजे ५२८० वॉट-अवर. पण लेड-अ‍ॅसिड रोज निम्म्याखाली उतरवली तर लवकर खलास होते. तेव्हा वापरायला २६०० धरा. बॅटऱ्या आधीच्या मालकाच्या आहेत म्हणताय, म्हणजे तेवढेही मिळतील याची खात्री नाही.

आता खर्च. तुमचा लॅपटॉप सरासरी २५ वॉट, आठ तासांचे २००. २४ इंची मॉनिटर २० वॉट, त्याचे १६०. राउटर १० वॉटच, पण चोवीस तास चालू, २४०. १२ व्होल्टचा फ्रिज साधारण ४५०. दिवे, पाण्याचा पंप, फोन मिळून १५०. झाले १२००. इथवर संसार सुखाचा.

आता साहेबांचा डेस्कटॉप. गेम चालू असताना ३५० वॉट, तीन तास, १०५०. एडिटिंगला सरासरी १५० धरले तरी पाच तासांचे ७५०. एकटा डेस्कटॉप १८०० खातोय, म्हणजे बाकी सगळ्या होडीच्या दीडपट.

आणि हे भरून कोण काढणार? छपरावर सपाट टाकलेल्या ४०० वॉटच्या पॅनेलमधून इंग्लंडात जूनमध्ये दिवसाला १८०० च्या आसपास मिळतील. डिसेंबरात २०० मिळाले तरी देव पावला. म्हणजे डिसेंबरात तुमच्या सोलरवर तुमचा राउटरसुद्धा पुरता चालणार नाही. त्यामुळे निवड डिसेंबर डोळ्यासमोर ठेवून करा, जूनमध्ये काहीही चालतं.

कालवाकाठी

बाप रे. हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो गप्प आहे.

दख्खनी_बदक

मी केनेट अँड एव्हन कालव्यावर राहतो, ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनच्या आसपास. बरेच हिवाळे होडीतच काढलेत. सोलापूरकरांचं गणित चोख आहे, पण एक मोठा उंदीर त्यातून निसटला: इन्व्हर्टर.

२००० वॉटचा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्याला काहीही लावलं नाही, तरी तो १५-२० वॉट खात बसतो. २० धरले तर चोवीस तासांचे झाले ४८०. तुमच्या लॅपटॉपच्या दुपटीहून जास्त, आणि काम शून्य. शिवाय लॅपटॉप त्याच्यावर लावायचा म्हणजे १२ व्होल्टचे २३० करायचे, मग चार्जरने २३० चे पुन्हा २० करायचे. दोन्ही वेळा गळती.

म्हणून माझा नियम साधा आहे. जे यंत्र यूएसबी-सीवर चार्ज होत नाही ते होडीत येत नाही. बॅटरीवरून थेट चालणारे १२ व्होल्टचे यूएसबी-सी चार्जर मिळतात, ६५ वॉटचे, १०० वॉटचे. कंपनीने दिलेला लॅपटॉप बहुधा ६५ वॉटमध्ये आनंदाने चालेल. कंपनीला विचारून घ्या. स्वतःचा घेणार असाल तर बिनपंख्याचा घ्या. अ‍ॅपलच्या एम मालिकेतला मॅकबुक एअर माझ्याकडे आहे, लिहिणं-वाचणं-ब्राउझर एवढ्या कामाला तो सात-आठ वॉटच्या वर क्वचित जातो.

पंखा नको याचं कारण वीज नाही. हिवाळ्यात होडीत लाकूड-कोळशाची शेगडी पेटलेली असते. रोज राख काढताना जी बारीक पूड उडते ती सगळीकडे बसते. पंखेवाल्या लॅपटॉपच्या जाळीवर दोन महिन्यांत करडं बनियन चढतं.

कालवाकाठी

काका, म्हणजे गाडीत लावतो तो सिगारेट लायटरचा चार्जर चालेल ना? आमच्याकडे तसे सॉकेट आहेत.

दख्खनी_बदक

फोनला चालेल. लॅपटॉपला नको. प्लगच्या टोकाची ती स्प्रिंगची टाचणी इंजिनच्या हादऱ्यांनी सैल होते, आठ-नऊ अँपिअर तिथून जायला लागले की प्लॅस्टिक तापतं, मग मऊ पडतं. थेट वायरला जोडायचा चार्जर घ्या आणि फ्यूज बॅटरीच्या जवळ लावा, टेबलाजवळ नाही. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो.

सर्किट_सोलापूरकर

बदककाकांना अनुमोदन. इन्व्हर्टर मी धरायला हवा होता. एक भर घालतो, वायरच्या जाडीची, कारण नॅरोबोटीत बॅटऱ्या मागे इंजिनपाशी आणि बसायची जागा पुढे, असं फोटोंत बघितलंय.

समजा टेबल बॅटरीपासून १० मीटरवर आहे. करंट जाऊन परत येतो, म्हणजे तांबं २० मीटर. घरात वापरतो ती अडीच चौरस मिलिमीटरची वायर टाकली आणि १० अँपिअर ओढले तर वाटेत १.४ व्होल्ट गळतात. २३० व्होल्टच्या घरात १.४ कोण विचारतो? इथे संध्याकाळी बॅटरी १२.३ वर असते, टेबलाशी पोचतात १०.९. बरेच चार्जर ११ च्या आसपास हात वर करतात. मग लोक म्हणतात चार्जर खराब निघाला, दुसरा मागवतात, तोही तसाच वागतो. १० चौरस मिलिमीटरची वायर टाका, गळती ०.४ च्या आत येईल. महाग पडेल, पण एकदाच.

उलट बाजूही आहे. "१२ व्होल्ट" असा शिक्का असलेला मिनी पीसी किंवा मॉनिटर थेट बॅटरीला जोडू नका. इंजिन चालू असताना तिथे १४.४ असतात. काही यंत्रं ते खपवून घेतात, काही धूर काढतात. इंटेलच्या जुन्या एनयूसी नावाच्या मिनी पीसींपैकी काहींना १२ ते १९ चालायचे, ते होडीवाल्यांचे लाडके होते. तुमचा तसा नसेल तर मध्ये १२ चा स्थिर पुरवठा देणारा कन्व्हर्टर लावा.

खवट_पुणेरी

कोथरूडच बरं.

दर्यावर्दी_मालवणी

मी जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर. आमच्याकडे वीज ढिगाने, त्यामुळे तुमचं हे वॉट-वॉट वाचून गंमत वाटली. पण एक शिस्त आमच्याकडून उचला. कागदी नकाशे नसलेल्या जहाजावर ईसीडीआयएस म्हणजे इलेक्ट्रॉनिक नकाशाची यंत्रणा एकटी नसते. बहुतेक ठिकाणी दोन असतात, आणि दोघांना वीज वेगवेगळ्या वाटेने. कारण एक बंद पडलं की दुकान जवळ नसतं.

तुमचं पोट कॉम्प्युटरवर आहे ना? मग एक भारी यंत्र घेण्यापेक्षा दोन साधी घ्या, एकाच चार्जरवर चालणारी. एकाचा चार्जर गेला की दुसऱ्याचा लावा. मॉनिटरही यूएसबी-सीवर चालणारा, १५ इंची, घडी करून कपाटात जाईल असा. ८-१० वॉटमध्ये भागतं, २० ची गरज नाही.

आणि तुम्ही गोड्या पाण्यात आहात, नशीबवान. खारी हवा लागली की यूएसबीच्या तोंडात हिरवं धरतं, मग कितीही महाग केबल घाला.

दख्खनी_बदक

खारी हवा नाही, पण दव आहे हो. पोलादाची भिंत, बाहेर उणे दोन, आत दोन माणसं श्वास घेतायत आणि कुकरच्या शिट्ट्या होतायत. पहाटे शेगडी मंदावली की खिडकीच्या चौकटीवरून पाणी ओघळतं. रात्री लॅपटॉप भिंतीला टेकवून ठेवू नका, जमिनीलगतच्या कपाटात तर मुळीच नको. माझा शेगडीपासून लांब, छातीच्या उंचीच्या फळीवर, खाली जाळी ठेवून असतो, जेणेकरून हवा खेळेल. थंडगार पडलेला लॅपटॉप गरम खोलीत आणला तर लगेच चालू करू नका. जरा वेळ बॅगेतच राहू द्या.

अवांतर: शेगडी आहे तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. २०१९ पासून इथल्या होड्यांच्या सुरक्षा तपासणीतही तो बघतात.

कालवाकाठीचा_नवरा

मीच तो डेस्कटॉपवाला. माझ्या पाठीमागे बरंच चाललंय म्हणून खातं काढलं.

सोलापूरकर, ३५० वॉट हा आकडा मोकळं सोडलेल्या ग्राफिक्स कार्डाचा आहे. कार्डाची वीज साठ-सत्तर टक्क्यांवर बांधली आणि फ्रेम सेकंदाला ६० वर अडकवल्या तर वेगात फारसा फरक पडत नाही, वीज मात्र बरीच उतरते. मी मोजून बघितलं, माझा अख्खा डेस्कटॉप १९० वर आला. आता बोला.

सर्किट_सोलापूरकर

या या. मोजून आलात हे आवडलं. १९० गुणिले तीन, ५७०. अजूनही डिसेंबरातल्या सोलरच्या जवळजवळ तिप्पट. आणि नुसता चालू, काही करत नसताना किती?

कालवाकाठीचा_नवरा

७०.

सर्किट_सोलापूरकर

वहिनींचे तीन लॅपटॉप.

निळा_खेकडा

मुंबईत शिडाच्या बोटी चालवणारा एक प्राणी. आमच्याकडे बोटीत डेस्कटॉप म्हणजे रास्पबेरी पाय, तळहातात मावणारा कॉम्प्युटर. नकाशासाठी ओपनसीपीएन, फुकट आहे, पाच-सात वॉटमध्ये भागतं. वारा, खोली, जीपीएस सगळं सिग्नल-के नावाच्या प्रणालीतून त्यात येतं आणि वायफायने फोनवर दिसतं. कालव्यात तुम्हाला नकाशा लागणार नाही, वाट एकच. पण बॅटरीत किती उरलंय, टाकीत पाणी किती, हे बघायला पाय मस्त. एक सूचना: मेमरी कार्डावर चालवू नका, वीज गेली-आली की कार्ड मरतं. एसएसडी लावा.

समुद्रावर टॅब्लेट नेणाऱ्यांसाठी, हे दुकानात कोणी सांगत नाही: नुसत्या वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएसच नसतं. सिमवालाच घ्यावा लागतो. आणि उन्हात ठेवलात की तापून बंद पडतो, नेमका खडक जवळ आल्यावर.

सोनटक्का

छान धागा. आपल्याकडे असं कायमचं बोटीवर राहता येईल का? गोव्यात वगैरे?

निळा_खेकडा

हौस म्हणून काही महिने, हो. पावसाळ्यात मात्र मुंबईतल्या शिडाच्या बोटी बाहेर काढून ठेवतात, त्यामुळे "कायमचं" जूनमध्ये संपतं. गोव्यात नदीच्या आडोशाला निभावतं. बोटी बांधायची परंपरा तर तिथे आहेच. दिलीप दोंदे ज्या 'म्हादेई'तून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले ती गोव्यातच दिवाडी बेटावर बांधलेली.

परदेशातून बोट घेऊन येणाऱ्यांसाठी मात्र महत्त्वाचं: थुराया, इरिडियमसारखे सॅटेलाइट फोन भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. सामानात सापडला म्हणून परदेशी पाहुण्यांना पोलिसांत बसावं लागल्याच्या बातम्या अधूनमधून येतात.

मनोऱ्यावरची

मी लीड्समध्ये मोबाइल नेटवर्कचं काम करते. इथे सगळे विजेवर बोलताहेत, पण तुमचे व्हिडिओ कॉल अडणार आहेत ते पोलादामुळे. होडी म्हणजे डबा. राउटर आत ठेवलात तर त्याला सिग्नल फक्त खिडक्यांतून मिळतो. बाहेर छपरावर अँटेना लावा, एका दांड्यात दोन किंवा चार असलेला, आणि राउटरपर्यंतची केबल होता होईल तेवढी आखूड ठेवा. लांब केबलमध्ये अँटेनाने कमावलेलं सगळं जातं.

दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. आणि आभासी कंपन्यांपासून (स्वतःचे टॉवर नसलेल्या, दुसऱ्याचे वापरणाऱ्या) सावध, नावं चार असली तरी टॉवर त्याच एका कंपनीचे असू शकतात. मग दुसरं सिम असून नसल्यासारखं.

जागा निवडताना नकाशातल्या उंचीच्या रेषा बघा. रॉचडेल कालव्यावर हेब्डन ब्रिजकडे गेलात तर दरी इतकी अरुंद आहे की गाव सुंदर, सिग्नल रडका. ग्रँड युनियनवर मोकळ्या पठारी भागात कसलीच तक्रार नसते. सोमवारी सकाळी महत्त्वाचा कॉल असेल तर रविवारी संध्याकाळीच सिग्नल तपासून होडी बांधा. अंधार पडल्यावर पुढची जागा शोधणं नको वाटतं.

कालवाकाठी

ताई, स्टारलिंकच्या सॅटेलाइट इंटरनेटचं काय? बरेच होडीवाले लावतात असं दिसतंय.

मनोऱ्यावरची

चालतं, पण झाडाखाली नाही. आणि कालव्यावर सावलीची जागा सगळ्यांनाच हवी असते. छोटा मिनी घेतला तर २५ ते ४० वॉट, मोठा ७५ च्या पुढे. मिनीला १२ व्होल्ट थेट चालतात, पण वर सोलापूरकरांनी लिहिलेली वायरची भानगड इथेही आहे. व्होल्ट पडले की तो कॉलच्या मधोमध पुन्हा सुरू होतो. कित्येक जण त्यासाठी २४ करणारा कन्व्हर्टर लावतात. माझं मत: आधी अँटेना आणि दोन सिम, एक हिवाळा काढा. फांद्या बोडक्या असतात तेव्हा तसंही आकाश दिसतं. स्टारलिंक घेतलाच तर काम संपलं की बंद करायची सवय लावा.

दख्खनी_बदक

पूर्ण असहमत. आमच्या कालव्यावर लोकांचे अँटेना आणि दोन-दोन सिम असून उन्हाळ्यातल्या शनिवारी सगळे पर्यटक टॉवर खाऊन टाकतात. नोकरी असेल तर दोन्ही हवं.

मनोऱ्यावरची

शनिवारी त्यांना ऑफिस नाहीये, काका.

सर्किट_सोलापूरकर

बॅटरीबद्दल राहिलं. एवढं सगळं करताय तर लिथियमवर जा, म्हणजे लोहवाली, एलएफपी. १०० अँपिअर-अवरमधले ८०-९० वापरता येतात, वजन कमी, आणि भरताना शेवटपर्यंत सपाटून करंट घेते. लेड-अ‍ॅसिड शेवटच्या वीस टक्क्यांना तासन् तास लावते, तेवढा वेळ डिझेल जळत राहतं.

दख्खनी_बदक

हा सपाटून करंटच अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं यंत्र) जाळतो. इंजिन नुसतं गुरगुरत ठेवलं तर अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो आणि लिथियम मात्र पूर्ण ताटावर हात मारते. शेजारच्या होडीतला जळका वास मी स्वतः घेतलाय. मध्ये करंटला लगाम घालणारा डीसी-डीसी चार्जर हवा, त्याचा खर्च धरा. शून्याखाली ही बॅटरी भरता येत नाही, आणि इंजिनची खोली जानेवारीत शून्याखाली जाते, तेव्हा ती आत पलंगाखाली आणा. इतकं करायचं असेल तर जरूर घ्या. मी अजून लेडवरच आहे. सकाळी १२.२ च्या खाली दिसलं की चहा ठेवायच्या आधी इंजिन. तेही आठनंतर, कारण रात्री आठ ते सकाळी आठ शेजारी होड्या असतील तर इंजिन चालवायचं नाही असा दंडक आहे. हे लक्षात असलं की माणूस रात्रीचा गेम आपोआप आटोपता घेतो.

कालवाकाठीचा_नवरा

काका, टोमणा पोचला.

बरं, मी असा विचार करतोय. डेस्कटॉप माझ्या बहिणीकडे बर्मिंगहॅमला ठेवायचा, तिच्याकडे फायबर आहे. होडीतून लॅपटॉपवरून त्याला जोडायचं. एडिटिंगला मूळ फाइल तिकडेच, इकडे फक्त त्यांच्या हलक्या नकला, म्हणजे प्रॉक्सी फाइल, आणि शेवटचं रेंडर तिकडच्या यंत्रावर. बिलाचे पैसे तिला देईन.

सर्किट_सोलापूरकर

याला म्हणतात तोडगा. एडिटिंगला उत्तम. गेमला ४जीवर ती मजा येणार नाही, गोळी तुम्ही मारायच्या आधी लागलेली असेल. पत्ते, बुद्धिबळ, गाव वसवायचे गेम चालतील. आणि मूळ फाइलींची दुसरी प्रत आपसूक किनाऱ्यावर राहते, हा वेगळा फायदा. होड्या फोडून लॅपटॉप नेतात असं वाचलंय.

दख्खनी_बदक

नेतात. आणि नेले नाहीत तर कालव्यात पडतात. फोन, चष्मा, किल्ल्या, सगळं होडी आणि काठ यांच्यामधल्या वीतभर फटीत जातं. दोरीला बांधलेलं दणकट लोहचुंबक जवळ ठेवा. लॅपटॉप मात्र अॅल्युमिनियमचा, तो चिकटत नाही. बाहेर बसून काम करायचं तर काठाच्या बाजूला बसा, पाण्याच्या नाही.

कालवाकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः सोलापूरकर आणि बदककाका. ठरलं ते असं: माझा कंपनीचा लॅपटॉप यूएसबी-सीवर ६५ वॉटमध्ये चालतो, ते बघून घेतलं. नवऱ्यासाठी तसाच यूएसबी-सीवाला, गेमिंगचा नाही. त्या गेमिंगवाल्यांचे २३० वॉटचे विटेएवढे चार्जर बघूनच दोघांनी नाद सोडला. दोन चार्जर, १० चौरस मिलिमीटरची वायर. मॉनिटर एकच, घडीचा, ज्याला कॉल असेल त्याला नाही मिळणार. छपरावर अँटेना. डेस्कटॉप नणंदेकडे रवाना. लिथियम पुढच्या वर्षी, तोवर राउटर रात्री बंद.

इन्व्हर्टर दिवसभर बंद ठेवायचा हे पटलं, पण मग मिक्सर? नारळाचं वाटण हवं असतं आम्हाला. ७५० वॉटचा आहे, आईने दिलेला.

दख्खनी_बदक

इंजिन चालू असताना लावा, पाच मिनिटांचं काम. सुरू होताना क्षणभर ७५० च्या बऱ्याच वर जातो, पण २००० चा इन्व्हर्टर तेवढं झेलेल. साइन वेव्ह शुद्ध, म्हणजे घरच्या विजेसारखी, आहे ना ते मात्र इन्व्हर्टरच्या पाटीवर बघा. "मॉडिफाइड" असेल तर मिक्सर कण्हतो आणि तापतो.

खवट_पुणेरी

पाटा-वरवंटा. शून्य वॉट.

दर्यावर्दी_मालवणी

आणि होडीला स्थिरतेला वजनपण. पुढच्या बाजूला ठेवा, नॅरोबोटी मागे जड असतात.